इंजिनाच्या कोठींतलें सोनें

सोनें हें दाखविण्यासाठीं असतें, निदान कुलुपांत जपून ठेवण्यासाठीं तरी असतें, अशी आपल्याकडील पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. गळ्यांत, मनगटावर, देवाच्या मुगुटावर, फार तर तिजोरींत. ह्यापलीकडे सोन्याची जागा आपल्याला सुचत नाहीं. धूर, तेल आणि काजळी ह्यांच्या शेजारीं नेऊन सोनें बसविणारा कोणी भेटला तर त्याला आपण वेडा म्हणूं, नाहीं तर उधळ्या म्हणूं. गॉर्डन मरे ह्या विख्यात मोटार-रचनाकारांनीं नेमकें हेंच केलें. १९९२ सालीं इंग्लंडांतील मॅक्लारेन कंपनीनें 'एफ-वन' नांवाची जी मोटार जगापुढें आणली ती त्यांच्या कल्पनेंतून उतरलेली होती. आणि तिच्या पाठीमागचें झांकण वर उचललें म्हणजे इंजिनाभोंवतालच्या भिंती सोन्याच्या वर्खानें मढविलेल्या दिसतात. आम्हीं ती छायाचित्रांतच पाहिली आहे. पुष्कळांना हा श्रीमंतांचा चोचला वाटतो. परंतु त्या सोन्याला तेथें जी नोकरी दिलेली आहे ती पाहिली म्हणजे चोचला हा शब्द मागें घ्यावा लागेल.

ह्या मोटारींत चालक मध्यभागीं बसतो आणि त्याच्या पाठीशीं, अगदीं थोड्या अंतरावर, बीएमडब्ल्यूनें बनविलेलें बारा सिलिंडरांचें, सहा लिटरांहून थोडें मोठें इंजिन असतें. त्याची शक्ति ६२७ अश्वशक्तींची. १९९८ च्या मार्च महिन्यांत ह्या जातीच्या एका मोटारीनें जर्मनींतील चांचणीच्या रस्त्यावर ताशीं ३८६ किलोमीटरांचा वेग गांठला होता. वेगाचे आंकडे लोकांना तोंडपाठ असतात. त्या वेगाची दुसरी बाजू मात्र कोणी मोजीत नाहीं. पेट्रोलांत सांठविलेल्या शक्तीपैकीं ढोबळ मानानें एक तृतीयांशच चाकांच्या वांट्याला येते. एक तृतीयांश धुराबरोबर निघून जाते, आणि उरलेली पाणी, तेल व इंजिनाचें अंग तापविण्यांत खर्ची पडते. म्हणजे गाडी पूर्ण जोरानें धांवत असतां चाकांना जेवढें काम मिळतें त्याच्या सुमारें दुप्पट उष्णता बाहेर टाकावी लागते. स्वयंपाकघरांतल्या हिशेबानें बोलावयाचें तर एका मोठ्या ट्रंकेएवढ्या जागेंत गॅसच्या कांहीं शें शेगड्या पेटविल्या आहेत असें समजावें. ह्यांतली बरीचशी आंच नळ्यांवाटें बाहेर जाते हें खरें, पण जातां जातां त्या नळ्यांना लाल करून जाते. आणि ह्या शेगड्यांच्या सभोंवार जी भिंत आहे ती लोखंडाचीही नव्हे! एफ-वनचा सांगाडा कार्बन फायबरचा. रस्त्यावर चालणाऱ्या मोटारींत असा संपूर्ण सांगाडा प्रथम तिलाच लाभला. कार्बनाचा धागा स्वतः मोठा चिवट, पण त्याला बांधून ठेवणारी राळ साधारणपणें दोनशे अंशांच्या आंतच ढिली पडूं लागते.

उष्णता वहन, अभिसरण आणि प्रारण अशा तीन वाटांनीं प्रवास करते, हें आपण शाळेंत घोकलेलें असतें. लाल झालेल्या नळीच्या बाबतींत तिसरी वाट सर्वांत दांडगी. व्हिएन्ना येथील श्टेफान ह्या शास्त्रज्ञानें १८७९ सालीं ह्या वाटेचा नियम मांडला: निरपेक्ष मापानें तापमान दुप्पट झालें तर प्रारणानें बाहेर पडणारी उष्णता दुप्पट होत नाहीं, सोळापट होते. म्हणून ४०० अंशांची नळी आणि ८०० अंशांची नळी ह्यांत भेद दुपटीचा नाहीं, तो सहापटींहूनही अधिक आहे. ही उष्णता प्रकाशासारखी सरळ रेषेंत धांवते आणि प्रकाशासारखीच आरशावरून परत फिरते. सोनें हा तिचा उत्कृष्ट आरसा; शंभरांतले सुमारें सत्याण्णव वांटे तें माघारीं धाडतें. चांदीही हें काम तितक्याच हुशारीनें करील, पण ती काळवंडते. सोन्यावर मळ बसला तरी गंज चढत नाहीं. १९६९ सालीं चंद्रावर उतरलेल्या माणसांच्या शिरस्त्राणांतील कांचेवर सोन्याचा पातळ लेप होता तोही असल्याच कारणानें.

पण सोन्याचा आणखी एक स्वभाव आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाहीं. दूरून आलेल्या उष्णतेला परतवून लावणारें हें सोनें स्पर्शाच्या उष्णतेला मात्र मुळींच अडवीत नाहीं. चांदी आणि तांबें हीं सोडलीं तर उष्णता इतक्या तत्परतेनें पलीकडे पोंचविणारा धातु नेहमींच्या व्यवहारांत दुसरा नाहीं. तापलेल्या वस्तूला चिकटून बसलेलें सोनें पहारेकरी राहत नाहीं, दूत बनतें. त्याच्या आणि आगीच्या मध्यें थोडी मोकळी हवा असेल तेव्हांच त्याचा उपयोग.

हें सर्व आम्हांस कळण्याचें कारण आमचा भाचा. तो पुण्यास असतो, व्यवसायानें अभियंता आहे, आणि इंजिन पाठीशीं असलेली एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार त्यानें मोठ्या हौसेनें बाळगली आहे. गाडीला बैठका दोनच. दुसरीवर त्याची आठ वर्षांची मुलगी बसत असे. एका मे महिन्यांत खंडाळ्याचा घाट चढून आल्यावर त्यानें झांकण उघडून पेट्रोलच्या रबरी नळीला हात लावला, तों ती पापडासारखी कडक झालेली. वांकविली, तर तिला तडा गेला. ती नळी धुराच्या नळ्यांपासून वीतभर अंतरावर होती, आणि मुलीची पाठ त्या नळीपासून दोन हातांवर. भाच्यानें ही गोष्ट आईला सांगितली नसती तर घरांत शांतता राहिली असती. पण त्यानें सांगितली, आणि आमच्या भगिनींनीं त्या दिवसापासून नातीचें त्या गाडींत बसणें बंद केलें.

मग भाच्यानें सोनेरी फीत मागविली. ती पाहून आमच्या भगिनी म्हणाल्या, "घरांत सुनेच्या मंगळसूत्राची वाटी मोडकी, आणि ह्याच्या इंजिनाला सोन्याचा पत्रा!" तेव्हां भाच्यानें समजावून दिलें, "आई, हें सोनें नव्हे. बाजारांत सोन्याची म्हणून मिळणारी असली फीत बहुधा ॲल्युमिनियमची असते, आणि तिच्यावर पिवळसर प्लास्टिकाचा एक पातळ पडदा असतो." काम तीही चांगलें करते. भगिनींचें समाधान झालें तें मात्र किंमत ऐकून.

दुसरा उपाय त्याच्या मित्रांनीं सुचविला. धुराच्या नळ्यांना कांचेच्या धाग्यांची पट्टी गुंडाळावी, म्हणजे आंच नळीच्या आंतच राहून मागच्या टोंकानें बाहेर पडेल. शर्यतीच्या गाड्यांवर ही पट्टी पुष्कळ वेळां दिसते, आणि कोठी थंड राहते ह्यांत संशय नाहीं. परंतु नळीची स्वतःची आंच आतां बाहेर पडत नाहीं. ती पूर्वीपेक्षां अधिक तापते. पावसाळ्यांत पट्टी ओल धरते, खालीं पोलाद गंजतें, आणि गंज दिसत नाहीं, कारण तो गुंडाळलेला आहे! शर्यतवाले नळ्या वारंवार उघडून पाहतात व बदलतात. गृहस्थाश्रमी मनुष्य तसें करीत नाहीं. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं रोजच्या वापराच्या गाडीवर ही पट्टी म्हणजे दुखणें झांकणारी मलमपट्टी होय. नळ्यांवर सिरॅमिकचा लेप देववणें महाग, पण तो बरा. निदान तो पाणी पीत नाहीं.

उष्णता कमी करणें हा शब्दप्रयोगच मुळांत फसवा आहे. इंजिन जेवढी उष्णता निर्माण करतें तेवढी कोणत्याही फितीनें वा पट्टीनें नाहींशी होत नाहीं. तिनें कोणाकडे जावें एवढेंच आपण ठरवितों. कार्बनाच्या भिंतीकडे नको, पेट्रोलच्या नळीकडे नको, चालकाच्या पाठीकडे नको, असें म्हणत गेल्यावर शेवटीं तिला जाऊं द्यावयाचें कोठें ह्याचें उत्तर द्यावेंच लागतें, आणि तें उत्तर एकच: वाऱ्याबरोबर बाहेर. हवा आंत घेण्यासाठीं जबडे सगळेच ठेवतात, कारण ते शोभतात. बाहेर पडण्याची वाट ठेवणारे थोडे. फेरारीच्या १९८७ सालच्या एफ-४० ह्या मोटारीचें मागचें पारदर्शक झांकण पाहावें. त्याला आडव्या चिरा पाडलेल्या आहेत, आणि खालच्या टर्बोंची आंच तेथून वर निघून जाते. आम्हांस ती मोटार आवडते ती ह्या चिरांमुळें. इंजिनालाही ह्यांत स्वार्थ आहेच: आंत ओढलेली हवा दहा अंशांनीं अधिक तापली तर ती सुमारें तीन टक्के विरळ होते, आणि तेवढें श्वासांतलें सत्त्व कमी होतें.

पण वारा केव्हां मिळतो? गाडी धांवत असतांना. ह्या गाड्यांची खरी परीक्षा वेगांत होत नाहीं, थांबण्यांत होते. किल्ली फिरवून इंजिन बंद केलें कीं पाणी फिरविणारा पंप थांबतो, वारा थांबतो, बहुतेक जुन्या गाड्यांत पंखाही थांबतो. शेंकडों अंशांनीं तापलेला धातु मात्र थांबत नाहीं. तो आपली आंच शेजाऱ्यापाजाऱ्यांना वांटूं लागतो, आणि पुढचीं कांहीं मिनिटें कोठीचें तापमान उतरण्याऐवजीं चढत जातें. रबर वाळतें तें ह्या वेळीं. नळीतल्या पेट्रोलाची वाफ होते ती ह्या वेळीं. टर्बोच्या दांड्याभोंवतालचें तेल करपून कोळसा होतें तें ह्याच वेळीं. म्हणून जुने जाणते चालक जोरानें आल्यावर मिनिटभर इंजिन मंद चालूं ठेवीत. पुण्याच्या रहदारींत तर हें थांबणें दर दोनशे पावलांवर असतें. ताशीं तीनशें किलोमीटरांसाठीं आंखलेल्या गाडीला सिग्नलजवळ जें सोसावें लागतें तें शर्यतीच्या मैदानावर क्वचितच वांट्याला येत असेल.

आणि ढालीवरही डोळे मिटून विसंबतां येत नाहीं. २०१० सालीं फेरारीच्या '४५८ इटालिया' ह्या नव्या मोटारींपैकीं कांहींना आग लागली. शोध केला तेव्हां आढळलें कीं मागच्या चाकांवरील कमानींत उष्णता अडविण्यासाठीं जो पत्रा बसविला होता तो चिकटविणारा डिंकच फार तापल्यास पेटूं शकतो. कंपनीनें १२४८ गाड्या परत बोलावून डिंकाच्या जागीं धातूची जोडणी बसविली. जगांतल्या उत्तमोत्तम कारागिरांनीं ढाल नेमकी योजली होती. ती कशानें धरून ठेवावयाची ह्या लहानशा प्रश्नापाशीं घात झाला. हें वृत्त भाच्यानें आम्हांस वाचून दाखविलें आणि दुसऱ्याच दिवशीं स्वतःच्या गाडींतली चिकटविलेली प्रत्येक वस्तु नखानें खरवडून पाहिली.

त्यानें शेवटीं जें केलें त्यांत सोनेरी रंग फार थोडा आहे. पेट्रोलची नळी नवी घालून ती कोठीच्या दुसऱ्या कडेनें, धुराच्या नळ्यांपासून शक्य तितकी दूर नेली. मधल्या जागेंत पोलादी पत्रा उभा केला, दोन्ही बाजूंना बोटभर हवा ठेवून, आणि तो रिव्हेटांनीं पक्का केला. फीत लावली ती फक्त बैठकांमागच्या भिंतीला. मागच्या जाळीमागें एक विजेचा पंखा बसविला, आणि किल्ली काढल्यावरही तो कांहीं मिनिटें फिरत राहील अशी सोय केली. मित्रांची पट्टी अजून खोक्यांत पडून आहे.

आमच्या भगिनींनीं नवी नळी स्वतः वांकवून पाहिली. नातीला आतां परवानगी मिळाली आहे ती दोन अटींवर: घाट चढून आल्यावर इंजिन तत्काळ बंद करावयाचें नाहीं, आणि दर तीन महिन्यांनीं नळी आजीला दाखवावयाची. भाचा दोन्ही अटी पाळतो. रात्रीं उशिरां तो घरीं आला म्हणजे रिकाम्या, कुलूप लावलेल्या गाडींतला पंखा बराच वेळ घुमत राहतो, आणि वरच्या मजल्यावरील गृहस्थ खिडकींतून ओरडून विचारतात, "अहो, गाडी चालूच राहिली आहे वाटतें?"