सिंधुदुर्गाची फेरी आणि डिझेलांतील पाणी

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाकडे पाहिलें म्हणजे तो किल्ला हात लांबवून स्पर्श करावा इतका जवळ भासतो. वस्तुतः मध्यें समुद्राचा पट्टा आहे, आणि त्यांत खडकांची पेरणी अशी कीं, परक्या माणसानें तेथें होडी हांकण्याचें नांव घेऊं नये. २०१९ सालच्या डिसेंबरांत आम्ही सहकुटुंब तेथें गेलों. बरोबर आमची नऊ वर्षांची नात होती.

किल्ल्याचें वर्णन वाचकांनीं अनेक वेळां वाचलें असेल, म्हणून तें लांबवीत नाहीं. कुरटे बेटावर १६६४ सालीं शिवाजीमहाराजांनीं कामास आरंभ केला आणि १६६७ सालीं तें पुरें झालें. राजाराममहाराजांनीं बांधविलेल्या शिवराजेश्वराच्या देवळांत आम्हीं हात जोडले. परंतु आम्हांस खरें आश्चर्य वाटलें तें दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींचें. चहूंकडे खारट समुद्र, आणि बेटाच्या पोटांत गोडें पाणी! अमरकोशांत पाण्याचें एक नांव 'जीवन' असें आहे, तें आम्हीं नातीस तेथेंच सांगितलें. तासाभरांत हेंच जीवन आमच्या होडीच्या जिवावर उठणार होतें, हें तेव्हां कोणास ठाऊक?

परततांना वारा सुटला होता. निम्म्या वाटेवर इंजिन दोनदां खोकलें, त्यानें धुराचा एक पांढरा भपकारा सोडला, आणि तें बंद पडलें. होडी लाटांना आडवी होऊन खडकांकडे सरकूं लागली. सौभाग्यवतींनीं नातीस घट्ट धरलें. आम्हीं मास्तरकीच्या सुरांत तांडेलास विचारलें, "आतां काय करणार?" त्यानें उत्तर न देतां प्रथम नांगर टाकला, दोर ताणला आहे असें पाहिलें, आणि मग म्हणाला, "घाबरू नकात, मास्तरांनू. डिझेलात पाणी गेलां हा."

इंजिनाजवळ एक गाळणी असून तिच्या खालीं कांचेची वाटी व तळाशीं लहानशी तोटी होती. डिझेल पाण्याहून हलकें, म्हणून पाणी खालीं बसतें. वाटींत तें स्पष्ट दिसत होतें: वर पिवळसर डिझेल, तळाशीं नितळ पाणी, आणि दोहोंच्या सांध्यावर काळसर, बुळबुळीत साका. हा साका म्हणजे सूक्ष्म जंतूंची वसाहत. ते पाण्यांत राहतात, डिझेलावर जगतात आणि गाळणी तुंबवितात. संस्कृतांत तेलास 'स्नेह' म्हणतात. येथें स्नेहाचें आणि जीवनाचें मुळींच जमलें नव्हतें. तांडेलानें तोटी सोडून तें सर्व एका डब्यांत काढलें (समुद्रांत थेंब सोडला नाहीं, हें आम्हीं मुद्दाम पाहिलें), नवी गाळणी बसविली, आणि हातपंप मारून नळींतील हवेचे बुडबुडे बाहेर घालविले. दोन खेपांस इंजिन नुसतें घुरघुरलें. तिसऱ्या खेपेस चालू झालें. अर्धा तास गेला असेल. आमच्या हिशेबीं अर्धा दिवस.

धक्क्यावर चहा घेतांना त्यानें कारण सांगितलें. पावसाळ्यांत किल्ल्याची वाहतूक बंद असते. तेव्हां टाकी कांठोकांठ भरून ठेवावी, म्हणजे आंत दमट हवेस जागा राहत नाहीं. ती अर्धी राहिली तर रात्रीच्या गारव्यानें पत्र्यास आंतून घाम सुटतो, व तो थेंब थेंब तळाशीं जमतो. पण उत्पन्न बंद असतां टाकीभर डिझेल विकत घेऊन पावसाळाभर ठेवणार कोण? त्याचें हें म्हणणें आम्हांस खोडतां आलें नाहीं. शिवाय टाकीच्या झांकणाचें रबरी कडें झिजलें होतें, त्यांतून लाटांचे तुषार आंत शिरले. समुद्र संथ असतां तळचें पाणी स्वस्थ पडून असतें. होडी हिंदकळली कीं तें ढवळून इंजिनाकडे जातें. म्हणून रोज सकाळीं निघण्यापूर्वीं वाटी पाहावयाची व पाणी काढावयाचें, असा त्याचा नेम; आणि तें काम त्याच्या मुलाचें.

एवढें सांगून तो मुलाकडे वळला आणि त्यास चार माणसांत बोलूं लागला. आज वाटी कां पाहिली नाहीं? मुलगा मान खालीं घालून उभा राहिला, एक शब्द बोलला नाहीं. आमच्या घशाखालीं चहा उतरेना. कारण सकाळीं तो इंजिनापाशीं वांकला असतां, "आठची वेळ ठरली होती, आतां आठ वाजून दहा मिनिटें झालीं," असें घड्याळ पुढें करून आम्हींच त्यास उठविलें होतें. छत्तीस वर्षें शाळेची घंटा सांभाळली, त्याची ही खोड!

आम्हीं तें तांडेलास सांगितलें. तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. मग हंसला आणि मुलास म्हणाला, "मास्तरांका आणखी एक चाय दी."