दुभाष्या

आयुष्यात मी दुभाष्याचे काम एकदाच केले, आणि ते वाईट केले.

वास्तविक त्या कामाला माझी लायकी नव्हती. मॅट्रिकच्या पुढे माझी गाडी गेली नाही. पुढचे इंग्रजी मी रद्दीच्या दुकानातून उचललेल्या कादंबऱ्यांवर कमावले. त्यामुळे इंग्रजीत खुनाचा तपास कसा करावा हे मला चांगले सांगता येते, पण वांग्याचा भाव विचारायचा म्हटले की घाम फुटतो. परंतु तासगावात दोन-चार कादंबऱ्या छापून आलेल्या मराठीच्या मास्तराला सगळ्या भाषा येतात असा लोकांचा समज असतो, आणि तो समज मोडण्याइतका प्रामाणिक मी कधीच नव्हतो.

मिरजेचा माझा एक जुना मित्र तिथल्या एका चर्चच्या कामात असतो. सहा-सात वर्षांपूर्वी त्याच्याकडे अमेरिकेतल्या कुठल्याशा गावच्या चर्चची बारा माणसे आली होती. हे लोक पदरचे पैसे खर्चून, नोकरीतून दहा दिवसांची रजा काढून दूरदेशीच्या अनाथ मुलांना मदत करायला निघतात. अशा प्रवासाला त्यांच्याकडे 'मिशन ट्रिप' म्हणतात. त्यांचा नेहमीचा दुभाष्या तापाने पडला, आणि मित्राला माझी आठवण झाली. मी इस्त्रीचा सदरा घातला आणि खिशात चष्म्याबरोबर बेदाण्याची पुडी टाकून निघालो. तासगावचा माणूस रिकाम्या हाताने कुणाला भेटत नाही.

आश्रम जवळच्याच एका तालुक्यात होता. नाव सांगत नाही. सांगण्यात काही अर्थही नाही, कारण तो चांगला आश्रम होता. अंगण सारवल्यासारखे स्वच्छ, मुलींच्या वेण्या तेल लावून घट्ट घातलेल्या, भिंतीला नवा चुना. मुलांनी एक इंग्रजी गाणे म्हटले. अर्थ त्यांना कळत नव्हता, पण चाल पक्की होती. पाहुण्यांनी रंगपेट्या, वह्या, दात घासायचे ब्रश वाटले. माझ्या मनात आधी जो थोडा कुत्सितपणा होता तो तिथेच गळून गेला, कारण त्यांच्यातली एक सत्तरीच्या पुढची बाई, गुडघे दुखत असताना, खुर्ची बाजूला सारून मुलांमध्ये सतरंजीवर बसली. तिला बसवायला दोघे लागले. ती मोठ्याने हसली. आयुष्यभर तिने परिचारिकेचे काम केले होते. मनुष्य खरा आहे की नाही हे तो जमिनीवर कसा बसतो यावरून मला बरेचदा कळते.

तिच्या शेजारी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती. जत भागातली. बाईने नाव विचारले, आवडता विषय विचारला. मी इकडचे तिकडे करत होतो. मग बाई म्हणाली, "हिला मला काही सांगायचे आहे का, विचारा."

मी विचारले. मुलगी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, ह्यास्नी इचारा, ह्या परत कधी येणार? गेल्या साली एक बाई आल्या हुत्या. येतो म्हणाल्या. मी वाट बघतीया."

आता याचे इंग्रजी करणे अवघड नव्हते. माझ्या खुनाच्या कादंबऱ्यांतही माणसे येतात, जातात, परत येतात. पण सगळे आमच्याकडे पाहत होते, कुणी फोटो काढत होते, बाईचा चेहरा इतका उत्सुक होता की मला ते वाक्य तिच्या ओंजळीत टाकवेना. मी म्हणालो, "ती फार खूश आहे. ती तुमचे आभार मानते."

बाईने मुलीला जवळ घेतले. तिचे डोळे भरून आले. मुलगी मात्र तिच्या खांद्यावरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली होती. "काय म्हणाल्या?"

"येईन म्हणाल्या."

एका मिनिटात दोन भाषांत दोन खोटी बोलणी. मुलांना मी निबंधात खाडाखोड केली तर गुण कापतो.

परतताना गाडीत आणखी एक गोष्ट घडली. आश्रमातल्या बऱ्याच मुलांची आई किंवा बाप जिवंत आहे, ऊसतोडीला जातात म्हणून मुले ठेवली आहेत, हे तिथल्या अधीक्षकांनी मला सहज सांगितले होते. त्या मुलीचीही आई होती. मी हे बाईला सांगितले. "मग ती अनाथ कशी?" तिने विचारले. मला उत्तर देता येईना. आपल्याकडे 'पोरका' हा शब्द फक्त आईबाप मेलेल्यालाच लावतात असे नाही, जवळ कुणी नसले की माणूस पोरका होतो. हे समजावताना माझे इंग्रजी संपले. मी बेदाण्याची पुडी पुढे केली. बाई बेदाणे खात बाहेरचे द्राक्षमळे पाहत होती. मध्येच तिने विचारले, "तुमच्याकडच्या कुणी कधी आमच्याकडच्या मुलांना असे सांभाळले आहे का हो?" नाही, असे मी सांगितले. त्या दिवसातले हे तिसरे खोटे, पण ते अज्ञानाचे.

त्यानंतर मला त्या विषयाचे वेडच लागले. अमेरिकेतल्या माणसाने इकडच्या पोरक्या पोराचा खर्च करावा ही गोष्ट आजची नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' साप्ताहिकाने आपल्या वाचकांना हाक घातली आणि १९०० साली 'क्विटो' नावाचे जहाज दोन लाख बुशेल मका घेऊन मुंबईला आले. मका संपला तरी पोरे उरली. तेव्हा वर्षाला पंधरा डॉलर दिले की एका मुलाचा सांभाळ होतो, असे त्या साप्ताहिकाने वाचकांना सांगितले, आणि आपल्या मुलुखातल्या मिशनांमध्ये हजारो मुलांना त्या पैशावर जेवण मिळाले, कुणी सुतारकाम शिकले, कुणी विणकाम. कुठल्यातरी शेतकऱ्याच्या बायकोने तिकडे अंडी विकून साठवलेल्या पैशात इकडचे एखादे पोर जगले असेल. याची थट्टा करण्याची माझी छाती नाही. पण एकदा दुभाष्या होऊन बसल्यामुळे मला एक वेगळाच प्रश्न पडतो: पोराची हकीकत त्या बाईपर्यंत पोचायची ती मधल्या माणसाच्या लेखणीतून. तिच्यात पोराचे शब्द किती असत? 'ती फार खूश आहे' हे वाक्य माझ्याआधी किती जणांनी लिहिले असेल?

या सगळ्या वाचनात एकच व्यक्ती अशी भेटली की जिला मधला माणूस लागला नाही. पंडिता रमाबाई. तिचे नाव आपण शाळेत ऐकतो आणि विसरतो. १८७४ साली दक्षिणेतल्या दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने तिचे वडील आणि आई गेली. पुढे बहीणही गेली. रमा तेव्हा सोळा वर्षांची. आईला स्मशानात न्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण दया येऊन आले, तिसरा भाऊ आणि चौथी रमा. ती उंचीने लहान, खांद्याला तिरडी पुरेना, म्हणून तिने तो भार डोक्यावर घेतला. हे मी वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या वर्गात सोळा वर्षांच्या मुली असतात; दप्तर जड आहे म्हणून तक्रार करतात, आणि ती योग्यच आहे.

ही रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी अमेरिकेला गेली आणि तिकडेच फिरत राहिली. इंग्रजीत पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली, आणि १८८७ साली बोस्टनमध्ये तिच्या नावाची मंडळी उभी राहून त्यांनी दहा वर्षे पैसा पाठवायचे कबूल केले. दुष्काळ भोगलेली, पोरकी झालेली, नवरा गेलेली, पदरी लहान मुलगी असलेली बाई स्वतः उभी राहून, त्यांच्याच भाषेत, आपल्या तोंडाने सांगते आहे. कोण तिचे वाक्य बदलणार? आणि परत आल्यावर तिने दुसऱ्या बाजूचेही दुभाषेपण केले, अमेरिका कशी आहे ते मराठीत लिहून आपल्या लोकांना सांगितले.

१८९६-९७ च्या दुष्काळात ती मध्यप्रांतात गेली आणि रस्त्याकडेच्या मुली घेऊन आली. केडगावला मुक्ती सदन झाले. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांवर माणसे होती. शेती, गोठा, छापखाना, सगळे त्या मुलीच चालवायच्या. धर्मांतरावरून पुण्यात तिच्याशी मोठे भांडण झाले. १८९३ साली रानडे-भांडारकरांनी शारदा सदनाच्या सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. ते भांडण निव्वळ आकसाचे होते असे मी म्हणणार नाही. लोकांनी विश्वासाने पाठवलेल्या मुलींचा प्रश्न होता. पण भांडणारांपैकी दुष्काळात बैलगाडी घेऊन किती जण गेले, हेही विचारावेसे वाटते. शेवटच्या काळात रमाबाई एकच काम करत बसली होती: हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणणे, तेही खेडवळ बाईला कळेल अशा मराठीत. खिळे जुळवायला त्याच मुली. १९२२ च्या एप्रिलात ती गेली. संपूर्ण ग्रंथ नंतर बाहेर पडला. एकदा पुण्याहून दौंडला जाताना केडगावला उतरून मी तिच्या समाधीपाशी जाऊन आलो. काय बोलणार? मी आपला तोतया दुभाष्या. उभा राहिलो आणि पुढच्या गाडीने निघालो.

मग एक दिवस माझे अज्ञानाचे खोटेही उघडे पडले. दिवाळीच्या साफसफाईत आजोबांची पेटी निघाली आणि त्यांची एक जुनी गोष्ट आठवली. लढाईच्या काळात ते कोल्हापुरात एका नातेवाइकाच्या दुकानात नोकर होते आणि वळिवड्याच्या छावणीत माल पोचवायला जात. तिथे पोलंडची माणसे होती. रशियाने घरादारांतून उचलून सैबेरियाकडे नेलेली, तिथून सुटून इराणमार्गे आपल्याकडे आलेली. १९४३ ते ४८ या काळात पाचेक हजार, बहुतेक बायका आणि मुले. त्यांत आईबाप वाटेतच गमावलेली पोरेही होती. पंचगंगेच्या काठी त्यांची शाळा, त्यांचे चर्च, त्यांचे नाटकघर. पुढे त्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झाले. पोलिश लोकांनी मात्र गाव विसरले नाही. वॉर्सात आज कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे आहे. आजोबा सांगत, "पिवळ्या केसांची पोरं, शेंगा द्या म्हणून मराठीत मागायची. एक पोरगा रोज फाटकापाशी उभा. शेंगा घ्यायचा न्हाई. नुसता रस्त्याकडं बघायचा." त्याला काय हवे होते हे आजोबांना कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी दुभाष्या कुठे होता?

त्या संध्याकाळी मी अमेरिकेच्या बाईला पत्र लिहिले. वळिवडे लिहिले, आणि शेवटी, चार वेळा खोडून, त्या मुलीचे वाक्य लिहिले, जसेच्या तसे. माझ्या दोन्ही खोट्यांसकट.

महिन्याने उत्तर आले. आत मुलीसाठी वेगळे पत्र होते आणि मला एक ओळ: हे तिला वाचून दाखवा, आपले काही घालू नका. मी आश्रमात गेलो तर मुलगी नव्हती. आईने ऊसतोड सोडून गावाकडेच काम धरले होते आणि तिला घेऊन गेली होती. पत्ता काढून रविवारी जतकडे गेलो. पत्र्याचे घर, दारात बाभळ. मुलीने मला ओळखले, पण फारशी खूश झाली नाही. मी वाचून दाखवले. बाईने लिहिले होते की, मी आता म्हातारी आहे, डॉक्टर एवढा लांबचा प्रवास करू देत नाहीत, मला परत येता येणार नाही. तू विचारलेस ते मला उशिरा कळले.

"एवढंच?" मुलगी म्हणाली.

"एवढंच."

"म्हंजे येणार न्हाईत."

"नाहीत."

तिने मान हलवली. मग आत जाऊन वही आणली. ती रंगपेटीबरोबर मिळालेलीच वही, अर्धी भरलेली. पालथी पडून बराच वेळ लिहीत होती. तिच्या आईने मला चहा दिला आणि पोरगी अभ्यासात कशी आहे ते विचारले. मास्तर दारात आला की आया हेच विचारतात.

लिहून झाल्यावर तिने पान फाडून दिले. "ह्याच्या खाली इंग्रजीत लिवा. सगळं लिवा हं."

मी चष्मा लावला. आईला शेळी मिळाल्याचे लिहिले होते, पाऊस नसल्याचे लिहिले होते. त्यानंतर होते की, आमच्या शेळीला दोन पिल्ले झाली, एक पांढरे आहे, त्याला मी तुमचे नाव ठेवले आहे, कारण ते पण गुडघे टेकून बसते.

लेखणी जरा अडली. मुलगी माझ्या हाताकडे बघत होती. मी लिहिले, शेळी, पिल्लू, गुडघे, सगळे.