सत्तावीस धर

रविवार सकाळ, साडेदहा. स्क्रीनवर चार खिडक्या, त्यातली एक कायम काळी, कारण तिचा कॅमेरा बंद असतो. मी आवाज खाली आणून म्हणतो, "तिजोरीच्या दारात बारा पहारेकरी उभे आहेत. एकाचीही पापणी लवत नाहीये. चिंगळी, लपतछपत जायचं असेल तर फासा टाक."

काळ्या खिडकीतून आवाज येतो, "सत्तावीस धर."

"अगं, टाक तरी आधी!"

"टाकून काय होणारे? सत्तावीस तरी आहेच."

हिशोब तिचाच बरोबर होता, आणि मला राग आला होता तो त्याचाच.

'स्ट्रेंजर थिंग्ज'मध्ये ती पोरं तळघरात बसून जो खेळ खेळतात, तोच हा. डन्जन्स अँड ड्रॅगन्स. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. एखादी गोष्ट जमेल की नाही याची खात्री नसेल, तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपलं कौशल्य मिळवायचं आणि ठरलेला आकडा गाठला का ते बघायचं. नियमांच्या पुस्तकात 'जवळजवळ अशक्य' कामाचा आकडा ३० आहे. आमची चिंगळी कमरेएवढ्या उंचीची चोर. लेव्हल २० ला तिला चपळाईचे ५ आणि लपण्याचे १२ मिळतात. शिवाय लेव्हल ११ पासून चोराचं असं असतं की ज्या कामात तो तयार आहे, त्यात फाशावर दहाच्या खाली काहीही पडलं तरी ते दहाच धरायचं. दहा अधिक सतरा, सत्तावीस. तिच्या सगळ्यात वाईट दिवशीसुद्धा अशक्य फक्त तीन पावलांवर.

हीच चिंगळी २०१७ मध्ये, आमच्या पहिल्या रविवारी, एका खानावळीतून सूपचं भांडं पळवताना पकडली गेली होती. शिक्षा म्हणून दोन दिवस भांडी घासली. तेव्हा आम्ही कोथरूडला एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत बसायचो, इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. फासा टेबलावरून घरंगळत कपाटाखाली गेला की पाचही जण जमिनीवर पालथे. २०२० पासून सगळं ऑनलाइन झालं. मग एक स्टुटगार्टला गेला, एक बंगळुरूला. स्टुटगार्टवाला हिवाळ्यात पहाटे सहाला डोळे चोळत बसायचा. २०२२ मध्ये सगळे लेव्हल २० ला पोचले. पुस्तकातली शेवटची लेव्हल.

आता संपवायला हवं होतं. मी मात्र पुढचे नियम शोधायला लागलो.

आणि नियम सापडतात. या खेळाला जवळपास सुरुवातीपासून हाच प्रश्न छळतोय. खेळ आला १९७४ मध्ये. दोनच वर्षांत त्याच्या प्रकाशकांनी देवांचं एक पुस्तक काढलं. त्यात ओडिन, झ्यूस, आपला इंद्रसुद्धा, आणि प्रत्येकाला किती वार सोसेल याचा आकडा. प्रस्तावनेत संपादकाचा वैताग स्पष्ट दिसतो. लोक चाळिसाव्या लेव्हलच्या पुढची पात्रं खेळवत होती, त्यांना जरा लाज वाटावी असा हेतू होता. बघा, देवसुद्धा एवढेच आहेत. पण देवाला आकडा दिला की त्याला मारता येतं, हे खेळाडूला कुणी शिकवावं लागत नाही.

ऐंशीच्या दशकात एक वेगळी मालिका आली, पेट्यांमध्ये मिळणारी. तिच्यात ३६ लेव्हल आणि मग १९८६ च्या शेवटच्या पेटीत थेट अमरत्व. अमर झालात की अमरांमध्ये पुन्हा सगळ्यात खालचे. तिथेही अगदी वर पोचलात तर सगळं सोडायचं, लेव्हल १ चा साधा माणूस व्हायचं आणि तोच रस्ता दुसऱ्यांदा चढायचा. पुण्य संपलं की स्वर्गातून खाली, हे आपल्याकडे आजीसुद्धा सांगते. इथे तो नियम होता.

पण माझा जीव जडला २००२ च्या पुस्तकावर, 'एपिक लेव्हल हँडबुक'. तिथे लेव्हलला वरची मर्यादाच नाही. पोहत धबधबा चढायचाय? ८० गाठा. ढगावर तोल सांभाळून उभं राहायचंय? १२०. मी रात्री दोन वाजता ते तक्ते वाचत बसायचो.

त्याच पुस्तकात एक कोरडा नियम आहे आणि तोच सगळ्यात प्रामाणिक वाटतो. त्या आवृत्तीत लेव्हल २० च्या योद्ध्याला वार करताना २० मिळायचे, जादूगाराला १०. फरक दहाचा. हे असंच चालू ठेवलं तर लेव्हल ४० ला फरक वीसचा होतो, म्हणजे अख्ख्या फाशाएवढा. जो आकडा जादूगाराला नशिबाने गाठायचा, तो योद्ध्याच्या खिशात आधीच. फाशाला कामच उरत नाही. म्हणून विसानंतर सगळ्यांना सारखंच, दर दोन लेव्हलमागे एक, असं ठरवलं. पात्रं कितीही मोठी होवोत, फासा जगला पाहिजे.

२००८ च्या आवृत्तीने तर सरळ शेवटच लिहून टाकला. लेव्हल २१ ला तुम्ही तुमची नियती निवडायची, ३० पर्यंत पोचायचं, एक अखेरची कामगिरी करायची आणि त्या जगातून निघून जायचं. हे पान मी भराभर उलटलं.

आम्ही खेळत होतो ती २०१४ ची आवृत्ती. तिच्यात विसानंतर लेव्हल नाही, पण दर ३०,००० अनुभव-गुणांमागे एक वरदान देता येतं. मी वरदानं वाटत सुटलो. दर महिन्याला नवा राक्षस, नवं संकट, जग पुन्हा एकदा धोक्यात. आणि एका रविवारी चिंगळीला मी त्या यादीतलं मला सगळ्यात भारी वाटणारं वरदान दिलं: अमरत्व. वय वाढणार नाही, म्हातारपणाने मरण नाही.

काळी खिडकी गप्प. मग, "नको. चिंगळीला म्हातारं व्हायचंय."

"अगं, पण फुकट मिळतंय!"

"नकोय रे."

खेळ संपल्यावर मी फोन केला. जरा चिडूनच. म्हटलं, तुला कंटाळा आला असेल तर स्पष्ट सांग. फासासुद्धा टाकत नाहीस हल्ली.

ती म्हणाली, "आईला आता एकटं ठेवता येत नाही. सांभाळायला मावशी येतात, पण रविवारी त्यांची सुट्टी असते. साडेदहाला आईचं खाणं असतं. मी म्यूट करून तिला भरवते आणि तुझं ऐकत असते. फासा टाकायला हात मोकळा नसतो माझा. सत्तावीस आहे म्हणून निभावलं वर्षभर."

मला काही बोलता येईना.

"आधी सांगायचं नाही का?"

"तू दर वेळी नवं काहीतरी काढायचास. इतका जीव लावून. मग धीर नाही झाला."

मी तिला सांगितलं नाही की मी ते का काढत होतो. माझ्याकडे त्या चौघांना एकत्र आणायला दुसरं काही निमित्तच नव्हतं. साधा "कशी आहेस" असा फोन मी तिला शेवटचा कधी केला होता, आठवेना. बारा पहारेकऱ्यांची मला खडान्‌खडा माहिती होती.

शेवटचा डाव आम्ही संध्याकाळी ठेवला, तिच्या सोयीने. युद्ध वगैरे नाही. प्रत्येकाने आपापल्या पात्राचं पुढे काय झालं ते सांगायचं. जादूगाराने शाळा काढली. बंगळुरूवाल्याचा योद्धा समुद्रावर निघून गेला. चिंगळीने ती पहिल्या दिवसाची खानावळ विकत घेतली. आज तिचा कॅमेरा चालू होता. शेजारी खुर्चीत शाल पांघरून आई.

"पहिल्या दिवशी गिऱ्हाइकांसाठी सूप मी स्वतः करणार," ती म्हणाली.

"तुला स्वयंपाक येतो?"

तिने पात्राचा कागद वरखाली बघितला. कुलपं उघडणं येत होतं, विष ओळखणं येत होतं. स्वयंपाक नव्हता. म्हणजे दहाची हमी नाही, वरचे सतरा नाहीत. नुसता फासा.

"टाक मग," मी म्हटलं. "दहा गाठ."

तिने खराखुरा फासा काढला, गच्चीवरच्या खोलीतला. टेबलावर टाकला. स्टुटगार्टवाला स्क्रीनच्या इतका जवळ आला की त्याचं नुसतं नाक दिसत होतं.

"किती पडले गं?" आईने विचारलं.

"तीन. सूप खारट झालं, आई."

आईने क्षणभर विचार केला.

"मग एक बटाटा टाक त्यात."