एक हिरवी रेषा

वैशाखात रात्री दहाच्या सुमारास गच्चीवर गेलो की मी उत्तरेकडे तोंड करून उभा राहतो. म्हातारीची बाज वर आलेली असते. सप्तर्षींना लहानपणी आम्ही हेच म्हणायचो. चार तारे म्हणजे बाजेचे खूर आणि मागचे तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर. शेवटच्या चोराचं पोथीतलं नाव मरीचि. हात लांब करून त्याच्यापासून तीन बोटं उजवीकडे, जरा खाली मोजतो. तिथे डोळ्यांना काही दिसत नाही. मला मात्र तीच जागा बघायची असते.

त्या अंधारात थ्री सी २९५ आहे. केंब्रिजच्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांच्या तिसऱ्या यादीतली ही २९५वी नोंद. यादीत होता तो नुसता रेडिओ लहरींचा उगम. त्याची जागा नेमकी कळल्यावर तिथलं छायाचित्र काढलं, तेव्हा दीर्घिकांचा एक अतिशय फिका पुंजका उमटला. त्यातली एक लंबवर्तुळाकार दीर्घिका तो आवाज करत होती.

ती किती दूर आहे हे मोजणारे खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ मिन्कोव्हस्की तेव्हा पासष्टीला टेकले होते. अवकाश आणि काळ एकाच विणीत बांधणाऱ्या हरमान मिन्कोव्हस्कींचे हे पुतणे. नाझी राजवटीत ज्यू म्हणून जर्मनी सोडावी लागली आणि १९३५ साली ते कॅलिफोर्नियात आले. १९६० साली निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या निरीक्षणफेरीत त्यांनी पालोमार वेधशाळेची २०० इंची दुर्बीण या दीर्घिकेवर रोखली.

त्या दुर्बिणीत माणूस नळीच्या वरच्या टोकाशी, एका पिंजऱ्यात बसायचा. खाली पाच मीटरचा आरसा, वर उघडा घुमट, आणि थंडी अशी की विजेवर गरम होणारे वैमानिकांचे पोशाख अंगात चढवावे लागत. एका ताऱ्यावर नजर खिळवून, तो तसूभरही सरकू न देता तासन् तास बसायचं. प्रकाश थेंबाथेंबाने छायाचित्राच्या काचेवर साचू द्यायचा. त्या पिंजऱ्यातल्या माणसांबद्दल मला फार माया वाटते.

लंबवर्तुळाकार दीर्घिका म्हणजे बहुतेक म्हाताऱ्या ताऱ्यांची वस्ती. वायू थोडा, नवे तारे कमीच. अशा दीर्घिकेच्या वर्णपटात ठसठशीत तेजस्वी रेषा सहसा नसतात. असतात त्या पुसट काळ्या रेषा, आणि इतक्या फिक्या प्रकाशात त्या हाती लागणं अवघड. ही दीर्घिका वेगळी निघाली. तिच्या गाभ्यातल्या खळबळीने आसपासचा वायू पेटून उठला होता. मिन्कोव्हस्कींच्या काचेवर एक तेजस्वी रेषा आली.

एकच. ती ऑक्सिजनची, असं त्यांनी ओळखलं. मूळची ३,७२७ अँगस्ट्रॉमवरची, आपल्या डोळ्यांना न दिसणारी अतिनील रेषा, विश्वाच्या प्रसरणात ताणली जाऊन ५,४४० च्याही पुढे सरकली होती. म्हणजे हिरव्या रंगात. रेषा अशी किती ताणली गेली त्याचं माप, म्हणजे ताम्रसृती, ०.४६. तोवर कुठल्याही दीर्घिकेची एवढी मोजली गेली नव्हती. एका रेषेवर एवढा भरवसा? पण त्याच सुमारास विल्यम बॉम यांनी याच पुंजक्याचा प्रकाश वेगवेगळ्या रंगगाळण्यांतून मोजला, तर आकडा आला ०.४४.

आजच्या हिशेबाने तो प्रकाश जवळजवळ पाचशे कोटी वर्षं वाटेत होता. सूर्याचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं. हे दोन आकडे शेजारी मांडले की माझ्या पायाखालची गच्ची हलते. तो प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वी नव्हती, हे एकवेळ मनाला पटवता येतं. पण सूर्यही नव्हता! हिरवं म्हणून ओळखणारा डोळा नव्हता, आणि रंगही अजून हिरवा झालेला नव्हता. वाटेतच तो झाला, आणि पोचला तो कामाच्या शेवटच्या फेरीत मोजणाऱ्या माणसाकडे.

मिन्कोव्हस्कींचं काम पुढे मार्टिन श्मिट यांनी घेतलं आणि १९६३ साली, ताऱ्यांसारख्या दिसणाऱ्या पण फार दूरच्या क्वेसारचं कोडं उलगडलं. दीर्घिकांमधला तो विक्रम मात्र १९७५ पर्यंत टिकला. आता थ्री सी २९५ ला कोणी फार दूरची म्हणत नाही. रेडिओ दुर्बिणी आपलं माप बरोबर आहे ना, हे पडताळायला आकाशातल्या ज्या मोजक्या जागांकडे वळतात, त्यांत ती आहे. पडताळणी झाली की दुर्बिणी दुसरीकडे वळतात. मी आणखी थोडा वेळ तीन बोटं तशीच धरून उभा राहतो.