पट्टी खाली ठेवा!

पुण्यात गणपतीआधी रंगकाम काढलं की रंगारी येतो, पट्टीनं पोपडे खरवडतो, खसाखसा पॉलिश पेपर मारतो आणि घरभर पांढरी धूळ करून चहा मागतो. बॉस्टनमध्ये जुनं घर घेणाऱ्या मराठी जोडप्याच्या डोळ्यांपुढे हेच चित्र असतं. शनिवारी पट्टी आणायची, रविवारी खोली मोकळी. मग ऑफिसातलं कुणीतरी विचारतं, घर कुठल्या सालचं?

डॉर्चेस्टर, सॉमरव्हिल भागातली लाकडी तिमजली घरं, म्हणजे इथले 'ट्रिपल-डेकर', बहुतेक १८८० ते १९३० दरम्यानची. घरगुती रंगातल्या शिशावर अमेरिकेनं बंदी घातली ती १९७८ मध्ये. खिडकीच्या चौकटीचा टवका उडाला की कडेला सगळे थर दिसतात: वर पांढरं इमल्शन, खाली पिस्ता, त्याखाली तपकिरी, आणि तळाशी जाड, पिवळट पडलेला सफेदा. हा शिशाचा सफेदा टिकाऊ, म्हणून एकेकाळी रंगाऱ्यांचा लाडका. चवीला गोडसर, त्यामुळे रांगतं मूल तोंडात घातलेला पोपडा थुंकतही नाही.

मॅसॅच्युसेट्सनं शिशाविरुद्ध कायदा १९७१ मध्येच केला. १९७८ पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल, तर शिशाचा बंदोबस्त मालकाच्या गळ्यात. मूल आहे म्हणून भाडेकरूला नाकारणं बेकायदा. तरी फोनवर 'मुलं किती?' हा प्रश्न अगदी सहज आल्यासारखा येतो.

खरी गंमत पुढेच आहे. शिसं हटवायचं तर मालक प्रशिक्षण घेऊन दारं बिजागऱ्यांतून काढू शकतो, भिंतीवर बोर्ड ठोकू शकतो, जाड लेप देऊ शकतो. खरवडायला मात्र परवानाधारक माणूसच लागतो, आणि ते काम चालू असताना घरच्यांनी बाहेर राहायचं. हे जाचक वाटतं, पण बरोबर आहे. घट्ट बसलेला रंग फारसा त्रास देत नाही. कोरडा घासला की त्याची धूळ होऊन जमिनीवर बसते. सगळ्यांत वाईट खिडक्या. वर-खाली सरकणारी तावदानं दर वेळी आपलाच रंग घासतात.

गरम हवेची बंदूकही सुमारे ५९० अंश सेल्सिअसच्या वर न्यायची नाही, शिशाचा धूर होतो. मेथिलीन क्लोराइडनं रंग झटकन सुटायचा. पण त्याच्या वाफेनं माणसं दगावली, आणि २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना तो डबा विकणं बंद झालं.

सुनेच्या बाळंतपणासाठी आलेल्या आजोबांना यातलं काही पटत नाही. "पट्टी दे इकडे, दुपारपर्यंत उरकतो."

"बाबा, तुम्ही बाळाला घ्या. खिडकीला हात लावू नका."

"आपल्याकडे कुणाला काय झालं रे?"

भारतातही २०१७ पासून घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं चालत नाही, हे मुलगा त्यांना मोबाइलवर दाखवतो. आजोबांच्या पुण्यातल्या दारांचा ऑइलपेंट त्याच्या कितीतरी आधीचा. तो काढायला रंगारी ठरलाय. आजोबा त्याला लगेच फोन लावतात: कोरडं घासू नकोस, पाणी मारून घास.

"चालेल काका," तो म्हणतो, "पण वॉटर पेपरचे पैसे वेगळे पडतील."