पायांवरून ओळख

खर्डी गेलं की कसारा लोकलचा डबा निम्मा होतो. उरलेले लोक पिशव्या मांडीवर घेऊन पेंगतात. उंबरमाळीला गाडी जेमतेम टेकते, चार-सहा माणसं उतरतात आणि अंधारात दिसेनाशी होतात. या स्टेशनाचं नाव बातमीत येतं ते पावसाळ्यात. २०२१ च्या जुलैत इथे रुळांवरचं पाणी फलाटाच्या काठाला आलं होतं. वैशाखात मात्र आसपासच्या पाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं याच शहापूर तालुक्यातली, त्यांचं पाणी मुंबईला जातं. हे इतक्यांदा लिहून झालंय की आता लिहिणाऱ्यालाही त्याचा राग येईनासा झालाय.

मी उतरलो होतो बोहाड्यासाठी.

बोहाडा म्हणजे सोंगांचा उत्सव. जव्हार-मोखाड्याकडचा जास्त गाजलेला, पण शहापूर-मुरबाडच्या डोंगरातही सोंगं नाचतात. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत, एकेका गावाच्या सोयीनं. सोय म्हणजे काय, तर भात कधीच कणग्यांत गेलेलं, राब भाजून झालेला, आणि पाऊस अजून लांब. वीटभट्टीवर गेलेली घरंही परतीला लागलेली असतात. वर्षभरात सगळा गाव एका जागी सापडतो तो याच दिवसांत.

पोचलो तेव्हा गणपती नाचून गेला होता आणि शारदा मोरासकट निघत होती. जुने लोक अजून टेंभा म्हणतात, पण उजेड हॅलोजनचा होता; जनरेटरच्या धडधडीतून संबळ वाट काढत होता. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी. संबळवाल्यानं हात बदलला की पोरं घराच्या दिशेनं ओरडत धावतात, कारण कुठलं सोंग येणार ते डोळ्यांआधी कानांना कळतं.

रावण आला तेव्हा मी अगदी पुढे होतो. दहा तोंडांचा तो भार एका माणसाच्या डोक्यावर. खाली धोतराच्या पट्ट्यांनी हनुवटी आवळलेली, पट्टीच्या कडेनं घाम ओघळतोय, दोन्ही बाजूंना दोघं हात पसरून, तोल गेलाच तर सावरायला. मुखवट्याच्या फटीतून त्याला समोरची हातभर जमीनच दिसत असावी. तरी पाऊल चुकत नव्हतं. शेजारी एक आजी मांडीवरच्या नातवाला थोपटत होती. पोरगं भेदरून पदरात शिरलेलं. मी विचारलं, "कोण आहे आत?"

"पाय बघ ना," ती म्हणाली. "वरच्या घरचा थोरला. बापाचा पण डावा पाय असाच पडायचा."

मग माझंही लक्ष पायांवरच राहिलं. सोंगं इथे घराण्यांत वाटलेली असतात, काही गावांत त्यांचा मान लिलावात घेतला जातो. वाटणी घराण्यातली असली की रावण बापाकडून पोराकडे येतो. पोरगा कल्याणला हमाली करत असो की आसनगावला कंपनीत असो, त्या रात्री त्याला यावंच लागतं. मुखवटा तोंड झाकायला असतो असं मी आजवर धरून चाललो होतो. इथे कुणाचंच तोंड झाकलं जात नव्हतं. रावणात सगळ्यांना वरच्या घरचा थोरला दिसत होता, आणि थोरल्यात त्याचा मेलेला बाप.

एका रात्रीपुरत्या या रावणावरून मला दुसरा एक थोड्या दिवसांचा राजा आठवला. आयर्लंडमध्ये किलॉर्गलिन नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथे दर ऑगस्टच्या १० ते १२ तारखांना पक फेअर भरते. डोंगरातून रानबोकड धरून आणतात, त्याला मुकुट घालून उंच मचाणावर चढवतात, आणि जत्रा संपेपर्यंत राजा तोच. नंतर त्याला पुन्हा डोंगरात सोडून देतात. ते वाचल्यापासून मला त्या बोकडाची थोडी काळजी वाटते. आमच्या रावणाला निदान चाल तरी ठाऊक असते.

हे मी आजीला सांगून पाहिलं. "बोकड?" ती म्हणाली. "कापत नाहीत?" नाही म्हटल्यावर तिचा त्या जत्रेतला रस संपला.

पहाटे देवी आणि महिषासुर. तोवर निम्मं गाव गोधड्या पसरून जागच्या जागी झोपलेलं. देवीची चाल वाजली तशा बायका उठून बसल्या, केस सारखे केले, आणि झोपेत असलेली पोरं खांद्यावर घेऊन उभ्या राहिल्या. फार वेळ नाही चालत ते युद्ध. महिषासुर पडतो, आरती होते, जनरेटर बंद होतो. आणि एकदम इतकं शांत होतं की लांबून, घाटाखालून चढणाऱ्या मालगाडीचा आवाज येतो.

वरच्या घरी चहाला बोलावलं. थोरला ओट्यावर पाय सोडून बसला होता. कपाळावर पट्टीचा लाल वळ, तळव्यांवर फोड. आजी आत रावणाला जुन्या लुगड्यात गुंडाळत होती. तो चुलीवरच्या माळ्यावर जातो; धुरानं लाकडाला कीड लागत नाही. गुंडाळताना एक तोंड बाहेर राहिलं, तेही तिनं पदरानं पुसून आत ढकललं.

"पाहुण्याला साडेसहाची गाडी सापडेल का रे?" तिनं आतूनच विचारलं.

थोरल्यानं माझ्या पायांकडे बघितलं. "सापडल," तो म्हणाला, "पण चपला हातात घ्यायला लागतील."