दुभाष्याचं काम

१९९१ साली पुण्यात सी-डॅकचा 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला. त्याच वर्षी तिकडे नेदरलँड्समध्ये ग्विडो व्हान रॉसम यांनी पायथन ही भाषा लोकांसाठी खुली केली. तेव्हा या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. महासंगणकाच्या भाषा म्हणजे फोरट्रान आणि सी. आज माझी रोजीरोटी मात्र या दोघांच्या सोयरिकीवर चालते. संशोधक आपले प्रोग्राम घेऊन येतात, ते शेकडो प्रोसेसरवर नीट चालावेत म्हणून मी मदत करतो.

या कामात एक वाक्य सारखं कानावर येतं: "पायथन म्हणजे पोरखेळ. खरं काम सीमध्येच." मराठवाड्यातून आलेल्या, पावसाच्या नोंदींवर संशोधन करणाऱ्या एका मुलीलाही कुणीतरी हेच ऐकवलं. ती घरातली पहिली पदवीधर. तिला पायथन येत होतं, आणि तेवढंच येत होतं. मला म्हणाली, "सर, मग मी हा विषयच सोडू का?"

ते वाक्य अगदीच खोटं नाही, अर्धवट आहे. सीमधला प्रोग्राम आधीच यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवलेला असतो. पायथनमध्ये मधे इंटरप्रीटर बसतो, म्हणजे दुभाष्या. प्रोग्राम चालू असतानाच तो एकेक सूचना समजून घेतो आणि यंत्राकडून करून घेतो. नुसत्या आकडेमोडीचं लांबलचक लूप असेल, तर पायथन सीच्या पन्नास-शंभर पट मागे पडू शकतं.

दुभाष्याचं काम मला लहानपणापासून ठाऊक आहे. अम्मी दखनी बोलायची, तहसीलच्या खिडकीतले साहेब मराठी, मधे मी. रेशन कार्डावर नऊ जणांची नावं चढवायची होती. एकेक नाव, एकेक वय मी सांगत बसलो असतो तर मागची रांग हललीच नसती. म्हणून घरूनच मराठीत यादी लिहून नेली आणि कागद आत सरकवला.

नमपाय हेच करतं. लाखो आकडे ओळीनं रचून एकदम आत देतं आणि बेरीज-गुणाकार सीमध्ये लिहिलेले भाग करतात. दुभाष्या एकदाच बोलतो. अनेक यंत्रांनी एकमेकांना आकडे पाठवायचे असतील, तर पायथनसाठी 'एमपीआय-फॉर-पाय' आहे. त्यात 'सेंड' दोन प्रकारे लिहिता येतं. लहान एसनं लिहिलं की पायथन मालाचं गाठोडं बांधतं आणि पलीकडे ते सोडावं लागतं. मोठ्या एसनं लिहिलं की नमपायचे आकडे मेमरीत आहेत तसेच थेट जातात.

अडचणीही आहेत. हजार ठिकाणी एकदम पायथन सुरू केलं, की प्रत्येक जण त्याच बारीकसारीक फाइली सामायिक डिस्कवर शोधू लागतो. गणित सुरू व्हायच्या आधीच डिस्कच्या दारात झुंबड. म्हणून सगळ्या फाइली एका कंटेनरमध्ये बांधून द्याव्या लागतात. हे शिकायलाच हवं, कारण आपण वाया घालवलेल्या तासासाठी रांगेत दुसरं कुणीतरी उभं असतं.

त्या मुलीचा प्रोग्राम आम्ही बसून पाहिला. जवळजवळ सगळा वेळ एकाच लूपमध्ये जात होता: एकेक ठिकाण, त्याचा एकेक दिवस. ते बदलून एका दिवसाचे सगळ्या ठिकाणांचे आकडे एकदम नमपायला दिले आणि ठिकाणं प्रोसेसरांमध्ये वाटून टाकली. सीची एक ओळही लिहावी लागली नाही. तिचा प्रश्न होता, पेरणीनंतर पावसाचा खंड किती दिवसांचा पडतो. हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरातून आला होता. ती माघारी गेली असती, तर तिच्याबरोबर तोही गेला असता.

२०१९ साली जगानं कृष्णविवराचं पहिलं चित्र पाहिलं. ते तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही पायथन होतं. त्याला कुणी पोरखेळ म्हणत नाही.

तुमच्या घरात, मोहल्ल्यात कुणी बी.एस्सी. करत असेल तर त्याला एवढं सांगा: पायथन येतं एवढ्या भांडवलावर महासंगणकाच्या दारातून आत जाता येतं. पुढचं आत गेल्यावर शिकता येतं.